अकरा सेकंद

रत्नमाला मेश्रामनं बदली झाली तेव्हा
पाच कुंड्या माझ्या खिडकीत आणून ठेवल्या.
म्हणाली, लाड नको करू.
मी लाड केले.
चार गेल्या. पानं आधी पिवळी, मग काचेसारखी,
बोट लावलं तर पिकल्या द्राक्षासारखी फुटली.

दोष नुसता पाण्याचा नव्हता.
मानेवाड्याची आमची माती, काळी,
घराच्या पायव्यातून निघालेली,
जुलैत चपलेचा तळ धरून ठेवते,
मे महिन्यात तिच्या भेगेत माझी कपाटाची किल्ली पडली
ती पडलीच.
कुंडीत पाणी घातलं की वर आरसा उभा राहायचा.
त्यात कूलर दिसायचा, दोरीवरचा टॉवेल,
वाकलेली मी.

वाळू मिसळा, असं कुणी सांगितलं.
कन्हानची वाळू, शेजारच्या बांधकामावरून, दोन मुठी.
दोन मुठींनी काय होतं?
वीट होते.
झाड त्यात मिस्त्रीनं बसवल्यासारखं.

सेमिनरी हिल्सच्या उतारावर
सुगंधा उईके पोत्यांची तोंडं उघडून दाखवते.
परलाइट : दगडाच्या लाह्या, फुंकर मारली तर उडतात,
भाव चिन्नोर तांदळाच्या वर.
कोकोपीट : 'पाणी धरून ठेवते. तुमच्या हाताले नाही जमत ते, ताई.'
निंबोळी पेंड चमचाभर, वास चार दिवस.
शेणखत? 'जुनं असंल तरच. हे झाड उपाशी बरं.'
मग मुरूम उचलून तिनं माझ्या तळहातावर ठेवला,
लाल, कोपऱ्याकोपऱ्यांचा,
मूठ मिटली तरी गळत राहिला.
मी मुरूम घेतला. परलाइट पन्नास रुपयांचं.

जिन्यात तिजारेंनी पोतं पाहिलं.
कोराडीच्या वीजकेंद्रात, राखेच्या खात्यात एकतीस वर्षं.
'विटांचा चुरा टाका. अन् क्लिंकर. आहे माझ्याकडे.'
माळ्यावरून डालड्याचा डबा काढला :
जळून जळून भोकं पडलेले खडे,
हलके, माश्या सोडून गेलेल्या पोळ्यासारखे.
हे कशाला ठेवलं होतं?
'असंच. रिटायर झालो, तर घड्याळ त्यांनी दिलं,
हे मी उचललं.'

गच्चीवर पिठाची जुनी चाळणी.
खाली पडली ती बारीक राख, ओळखीची.
लग्नानंतरची पहिली सहा वर्षं कोराडी रोडला होतो,
वाळत घातलेल्या कुरडयांवर हीच बसायची.
'हे नका घेऊ बाप्पा,' तिजारे म्हणाले,
'बारीक बसते ते निघत नाही.'
छातीवर दोन बोटं ठेवली,
पुढं काही बोलले नाहीत.
चाळणीत राहिलं तेवढंच घेतलं.

मुरूम दोन वाट्या, क्लिंकर एक,
विटांचा चुरा अर्धी,
परलाइट शकुनापुरतं.
काळी माती सगळी फेकणार होते.
पण सत्तेचाळीस डिग्रीत
नुसता दगड झाडाला काय पाजणार?
अर्धी वाटी ठेवली.

पाचवी हावर्थिया उपटली. मूळ एकच, दोऱ्याएवढं.
सडकं कापून तिला वर्तमानपत्रावर
सावलीत पडू दिलं चार दिवस.
तिसऱ्या दिवशी गडचिरोलीहून फोन :
'कशी आहेत गं पोरं?'
मागच्या वेळी म्हटलं होतं, मस्त.
या वेळी म्हटलं, एक आहे.
बराच वेळ तिकडून नुसता पंख्याचा आवाज.
मग, 'माती बदलली का?'
मी वाट्या मोजून सांगितल्या.
'मुरूम वाढव,' म्हणाली.

वाढवला.
झाड लावायच्या आधी कुंडी तपासली,
नुसत्या मिश्रणात तांब्याभर पाणी,
तिजारे मनगट डोळ्यांजवळ नेऊन मोजत होते.
वर आरसा झाला नाही.
अकराव्या सेकंदाला खालच्या भोकातून धार आली,
गच्चीच्या तापल्या फरशीवर पडली
आणि आम्ही सरकेपर्यंत
वाळलीसुद्धा.